भास्करभाऊंची पिवळी गाडी

भास्करभाऊ इंगळ्यांच्या बैठकीत मी एकदा भिंतीतून आरपार गेलो. मला ते कळलंसुद्धा नाही. नेहमीसारखा चपला काढून आत शिरलो, दोन पावलं टाकली आणि भाऊंनी हात वर केला.

"थांब बे वसंता. भित हाये तिथं."

मी खाली पाहिलं. फरशीवर पांढऱ्या खडूची रेघ होती. बैठकीच्या मधोमध एक लांबट चौकोन आखलेला, आणि त्या चौकोनात भास्करभाऊ आणि कमलवहिनी संसार मांडून बसलेले. गॅसची शेगडी, पाण्याची कॅन, गुंडाळलेली गादी, चार भांडी. चौकोनाबाहेर सगळी बैठक मोकळी पडलेली. तिच्यामागच्या दोन खोल्या मोकळ्या, पडवी मोकळी. बाई मात्र नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून कांदा चिरत होती.

"दार इकडून हाये," भाऊंनी रेघ जिथं तुटली होती तिकडं बोट दाखवलं.

मी मागं सरलो, वळसा घातला आणि दारातून आत गेलो.

"वाका भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दार ठेंगनं हाये."

मी वाकलो. वडनेर भोलजीत विम्याचा एजंट म्हणून इतकी वर्षं दारोदार फिरलो, पण हवेला वाकून मी पहिल्यांदाच कोणाच्या घरात शिरलो. आत शिरल्यावर बसायला जागा नव्हती. भाऊंना त्याचंच समाधान वाटत होतं.

भास्करभाऊ माझे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक बोळ आहे, तेवढाच काय तो दुरावा. नांदुऱ्याच्या एका धान्याच्या गोदामात त्यांनी उभी हयात काढली. पोती आली की थप्पी लावायची, थप्पीवर थप्पी लावायची आणि दोन थप्प्यांत माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट सोडायची. निवृत्त झाले तरी डोळ्यातलं गोदाम गेलं नाही. कोणाच्या घरी गेले की आधी खाटेखाली वाकून पाहणार. खाटेखाली काही नसलं तर त्यांना वाईट वाटायचं. आपल्याला एखाद्याच्या घरात चूल पेटलेली नाही हे पाहून वाटेल, तसं.

जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं एकच मत असायचं. ती जागा खाते किंवा खात नाही. आमच्याकडे सोफा आला तेव्हा भाऊ त्यावर बसून पाहायला आले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, "हा सोफा नाई वसंता, म्हैस हाये. जागा खाते आन बसून राह्यते." बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माणसांनाही हेच माप. त्यांचा एक साडू होता, काडीसारखा, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. भाऊ म्हणायचे, "दिसाले बारीक हाये, पन लय जागा खाते." माझ्याबद्दल मत विचारलं तेव्हा म्हणाले, "तू नाई खात. तुही बॅग खाते."

गावात कोणी वारलं की लाकडं रचायला मात्र भाऊंनाच बोलावत. त्यांनी रचलेलं सरण ढासळत नसे आणि लाकूडही कमी लागे. "हे बी थप्पीच हाये," असं म्हणत ते खाली वाकायचे आणि एकेक ओंडका फिरवून बसवायचे. मागं घरची मंडळी रडत असायची. भाऊंचं तिकडं लक्ष नसायचं. मला त्यांचा तेव्हा राग यायचा. हा माणूस मेलेल्याच्याही जागेचा हिशेब करतो, असं वाटायचं.

तर खडूचा चौकोन. गावात बोभाटा झाला की इंगळ्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. कमलवहिनींच्या छातीत गाठ निघाली होती. तपासण्या झाल्या, नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. सलाइनमधून औषध, मग विजेचा शेक, मग पुन्हा सलाइन. कितीतरी महिने तिथंच राहावं लागणार, आणि दवाखान्यात खाट फक्त गरजेपुरती. बाकी दिवस आपली सोय आपण पाहायची. पोळा झाला की या, म्हणून सांगितलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "मी नाई जात."

त्यांची धाकटी बहीण विमल याच दुखण्यानं गेली होती. तिच्यासोबत वहिनी दवाखान्याच्या आवारात एका झाडाखाली राहिल्या होत्या. खाली खोक्यांचे पुठ्ठे, वर साडीचा आडोसा, पाण्याला रांग, संडासाला रांग. सलाइन घेऊन आलेली बहीण त्या पुठ्ठ्यावर ओकायची आणि येणारे-जाणारे पाहत उभे राहायचे. वहिनींनी ते सगळं पाहिलं होतं, आणि त्यांचा निर्णय झालेला होता.

भाऊंनी धर्मशाळेचं नाव काढलं. भाड्याच्या खोलीचं काढलं. नागपूरला त्यांचा एक मावसभाऊ होता, त्याचंही काढलं. वहिनींचं उत्तर एकच. "परक्याच्या मोरीत मले अंग धुता येत नाई. परक्याच्या घरात मले ओकता येत नाई. मराचंच हाये त माह्या भांड्यायत मरीन. घर सोडून मी येत नाई."

या दोघांना मूलबाळ नव्हतं. समजवायला तिसरं कोणी नव्हतं. मी एकदा प्रयत्न केला, तेव्हा वहिनींनी मला चहा दिला आणि विषय माझ्या बायकोच्या गुडघेदुखीवर नेला. मी उठलो तसे भाऊ खाटेवरून म्हणाले, "घर सोडून येत नाई म्हनते ना थे. मंग घरच घेऊन जाऊ."

आठ दिवसांत त्यांच्या अंगणात मलकापूरच्या कोणत्याशा शाळेची मोडीत काढलेली पिवळी गाडी येऊन उभी राहिली. शाळेचं नाव खरवडून काढलेलं, सीटा काढून टाकलेल्या, खिडक्यांना आडव्या दांड्या. रंग बदलायला वेळ नव्हता. त्या गाडीत घर बसवायचं होतं, तेही वहिनींना घर वाटेल असं. आणि पोळ्याच्या आत.

काम घेतलं नांदुऱ्याच्या सलीम मिस्त्रीनं. वेल्डिंग तोच, सुतारकाम तोच. पहिल्याच दिवशी त्यानं गाडीत शिरून टेप लावला आणि खाली उतरून म्हणाला, "भास्करभाऊ, पलंग बनाऊं के कपाट? दोनो नई बैठते."

"पलंगच कपाट हाये," भाऊ म्हणाले.

"और खाना पकाने का ओटा?"

"थोबी कपाटच हाये."

सलीमनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

पण तसंच झालं. दोन्ही बाजूंना दोन बाकं, बाकांच्या पोटात पेट्या. मधल्या वाटेवर फळी सरकवली की दोन बाकांचा मिळून एक पलंग व्हायचा, फळी आत ढकलली की पुन्हा वाट. टेबल बिजागरीवर भिंतीला चिकटलेलं, लागेल तेव्हा खाली पाडायचं. डब्यांची झाकणं फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूनं घट्ट बसवलेली. डबा फिरवून काढायचा, फिरवून अडकवायचा. मागच्या दाराशी पडदा लावून मोरी, तिच्यातलं पाणी खाली लटकवलेल्या पिंपात. आमच्याकडच्या उन्हात पत्र्याच्या गाडीत माणूस भाजून निघेल, म्हणून छताला आतून थर्माकोल, त्यावर वहिनींच्या जुन्या गोधड्या आणि त्यावर प्लाय. टपावर सौर पत्रा, त्याच्या विजेवर पंखा.

गाडीच्या मापाच्या त्या खडूच्या चौकोनातलं राहणं याचसाठी होतं. माणूस घरात कसा हलतो हे त्याला स्वतःला कळत नाही, असं भाऊंचं म्हणणं. ते वहिनींच्या मागं नजर लावून बसायचे. एका सकाळी बोळातून मला हाक मारली. "वसंता, सापडलं. कमल वळताना डाव्या अंगानं वळते." एवढ्यासाठी सलीमनं बसवलेला ओटा उपटून दुसऱ्या बाजूला लावला. सलीम दिवसभर वाईट चेहऱ्यानं काम करत होता.

मग पलंगाच्या दिशेची अडचण निघाली. वहिनींनी सांगून टाकलं, "उत्तरेकडं डोकं करून मी झोपनार नाई. चांगली असती त येखांद्या दिवशी झोपलीबी असती. आता नाई."

घराला दिशा असते. गाडी आज या अंगानं उभी राहील, उद्या त्या. भाऊंनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि पलंगाला दोन्हीकडं उशाची जागा केली. गाडीचं तोंड कुठंही असो, उशी इकडून तिकडं न्यायची. पण मग दिवाही दोन्हीकडं हवा, पंखाही दोन्हीकडं.

"दो पंखे?" सलीम म्हणाला. "आदमी तो एकीच तरफ सोता."

भाऊंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. सलीम हातातला पाना खाली ठेवत हळूच म्हणाला, "भाऊ, हमारे में पश्चिम कू पाव नई करते."

मला वाटलं, आता भाऊ चिडतील. भाऊ चिडले नाहीत. काळजीत पडले. "असं हाये काय," म्हणाले. "मंग थेबी पाहा लागन. आता दवाखान्याचा मामला हाये, कोनाचंच मोडाचं नाई." त्या दिवसापासून गाडी लावायचा नियम ठरला: डोकं उत्तरेला नाही आणि पाय पश्चिमेला नाहीत. स्टिअरिंगजवळ एक होकायंत्र आलं. वहिनी मला म्हणाल्या, "देवाले एक सांगा भाऊजी. दोघायच्याबी देवानं आता सोय पाह्याले पाह्यजे."

एका बाकाच्या पोटात मला एक घडीची खुर्ची दिसली. बसायच्या जागी भोक पाडलेलं आणि खाली भांडं बसवायला कडी. मी बाकाचं झाकण परत लावलं.

काम उरकत आलं तेव्हा गादी शिवायला टाकायची म्हणून भाऊंनी पुन्हा एकदा माप घेतलं. वहिनींना फरशीवर झोपवून खडूनं भोवती रेघ मारली. पलंग करताना अशीच मारलेली आधीची रेघ अजून पुसट दिसत होती. दोन रेघांच्या मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर पडलं होतं. वहिनी उठून आत गेल्या. भाऊ उकिडवे बसून त्या दोन रेघांकडं पाहत राहिले.

"हे आता लय कमी जागा खाते, वसंता," ते म्हणाले.

या माणसाच्या तोंडून एवढी वर्षं मी ही तक्रार ऐकत होतो. कोणी कमी जागा खातं म्हणून त्याला दुःख होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गाडीची परीक्षा झाली. वडनेरहून नांदुरा, आणि परत. भाऊ चालवायला, वहिनी आत बाकावर, मी त्यांच्यासमोर आणि सलीम दाराशी. सगळं सामान भाऊंनी स्वतः भरलं होतं. जड खाली, हलकं वर, मध्ये बोटभर फट नाही. अशी थप्पी की पाहत राहावं. आम्ही हायवेला लागलो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला माझ्या ध्यानात आलं की भाऊंनी आयुष्यभर जागच्या न हलणाऱ्या वस्तू रचल्या होत्या. गोदाम कुठं जात नाही. एकाही कप्प्याला, एकाही पेटीला कडी नव्हती.

वहिनींच्या हट्टानं घेतलेला पाटा-वरवंटा खालच्या कप्प्यात होता. वळणावर कप्पा उघडला, वरवंटा बाहेर आला आणि मधल्या वाटेनं सरळ मागं गेला. त्यानं पाण्याच्या कॅनची तोटी उडवली. दुसऱ्या ब्रेकरला हरभऱ्याच्या डाळीची बरणी सुटली, तिसऱ्याला तिखट. सलीम दार धरून उभा होता आणि मोठमोठ्यानं कलमा म्हणत होता. भाऊंनी गाडी कडेला घेतली. मागं वळून पाहिलं. गादी भिजलेली, गादीवर डाळ, डाळीवर तिखट, आणि या सगळ्याच्या मधोमध वहिनी. त्यांच्या केसांत डाळ होती.

भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. महिनाभराचं काम, आणि निघायला आठवडाच उरलेला. वहिनींनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा सलीमकडं, आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसल्या. हसता हसता खोकला लागला, पाणी प्यायला पाणी नव्हतं, तरी हसत होत्या. गाठ निघाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"डाळ भिजलीच हाये," शेवटी म्हणाल्या. "वडे करू. सलीमभाऊ, शेगडी पाहा जितीजागती हाये काय." हायवेच्या कडेला आम्ही चौघांनी वडे खाल्ले. ते वडे कच्चे होते आणि त्यांना माती लागली होती. सलीमनं दोनदा मागून घेतले. परत येताच त्यानं प्रत्येक कप्प्याला कडी बसवली, आणि कडीला वर खिळा.

पोळा झाला आणि ते निघाले. अख्खी आळी रस्त्यावर आली होती. बायकांनी वहिनींची ओटी भरली. गाडी पिवळी, त्यात शाळेची वेळ. दप्तरं पाठीला लावून पोरं मागं पळाली. भाऊ खिडकीतून "नाई रे, दवाखान्यात जाऊन राह्यलो" असं ओरडून सांगत होते आणि पोरांना ते काही पटत नव्हतं.

त्यानंतर फोन. मी दर चार दिवसांनी करायचो. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "चालू हाये इलाज. बरं हाये." वहिनींना फोन द्या म्हटलं तर झोपल्या असायच्या. दसरा गेला, दिवाळी गेली. गावात मी सगळ्यांना सांगत होतो की इलाज चालू आहे, बरं आहे. आजाऱ्याला भेटायला जाणं ही माझी जुनी सवय. धंद्याचा भाग म्हणा, पण निव्वळ धंदा नाही. गावात कोणी अंथरुणाला खिळलं आणि मी गेलो नाही असं झालेलं नाही. तेव्हा भाच्याच्या कामानं नागपूरला जाणं झालं, तसा बायकोनं डबा बांधून दिला आणि मी दवाखाना गाठला.

आवारात पिवळी गाडी नव्हती. झाडाखालची माणसं होती, पुठ्ठे होते, साड्यांचे आडोसे होते. फाटकावरच्या रखवालदाराला मी विचारलं.

"वो स्कूलबस? जो काका रोज गाडी घुमाता था, मुंडी इधर, पाव उधर?" तो हसला. "वो तो कब के चले गए. हफ्ता भी नहीं रुके."

मी तिथूनच फोन लावला.

"देऊळगावराजाले हाये," भाऊ म्हणाले. "येतं तं ये. पन एकटाच येजो."

देऊळगावराजा म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं दुसरं टोक. आमचं गाव वर, ते खाली. वडनेरच्या माणसाचं तिकडं काही काम निघत नाही. मी आधी घरी परतलो, पुन्हा डबा बांधून घेतला, मग बुलडाणा केलं, चिखली केलं, आणि बालाजीच्या मंदिरापासून थोडं पुढं एका मोकळ्या मैदानाच्या कडेला गाडी सापडली. शेजारच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "मास्तरांची गाडी विचारायलात व्हय?" गाडीच्या रंगावरून त्यानं भाऊंना मास्तर करून टाकलं होतं.

दार उघडं होतं. वहिनी बाकावर टेकून बसल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी. त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की मी क्षणभर नजर वळवली. मग आजाऱ्याकडं जाताना जो चेहरा मी नेहमी करतो तो केला आणि पायरीवर पाय ठेवला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "चेहरा चपलायजवळ काढून ठेवा, मंग आत या."

मी आत गेलो. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, वास घेतला, माझी बायको भरीत अजून तेलकटच करते म्हणून नाव ठेवलं. मग मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं. नागपूरला पुन्हा तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की दुखणं सगळीकडं पसरलं आहे, आता सलाइनचा उपयोग नाही. घरी न्या आणि सेवा करा.

"घरी न्या म्हने," वहिनी म्हणाल्या. "इमलले बी घरीच नेलं होतं. बैठकीत खाट टाकली. मंग पाह्याले येनारे लोक. हरेक जन येये, तिच्या तोंडावर वाके आन इचारे, 'वयखलं काय मले?' थ्या पोरीले बोलता येत नव्हतं. थे मान हालवे. नाई हालवली त बाहीर जाऊन सांगत, वयखत नाई आता. दिवसभर परीक्षा. घरचे चहा करून करून थकले. मले असं नाई मराचं, भाऊजी. मले येकटीले मरू द्या, भाजी निवडता निवडता."

'ओळखलं का' असं आमच्याकडं सगळेच विचारतात. मीही विचारत आलो आहे. मी मेथीच्या काड्या गोळा करू लागलो.

म्हणून ते दोघं घरी परतलेच नाहीत. ज्या घरात बसून इलाज करून घ्यायचा होता, त्या घरात इलाज न करता राहिले. लोणारला चार दिवस राहिले. मेहकरला राहिले. शेगावला वहिनींचं मन होतं, पण तिथं कोणत्याही दिवशी गेलं तरी अर्धं वडनेर भेटतं. देऊळगावराजात एक नर्स मिळाली, ती रोज येऊन दुखण्याचं इंजेक्शन देऊन जायची, म्हणून इथं थांबले. भाऊ सैपाक करत होते, पोळ्यासुद्धा. वहिनी बाकावरून सूचना देत होत्या. "पोया यायच्या अजून तिकोनी होतेत," त्या म्हणाल्या, "पन डब्यात बरोब्बर बसतेत." भाऊ ओट्यापाशी पाठ करून उभे होते. ते वळले नाहीत.

मी तासभर बसलो. एकदाही कसं वाटतं असं विचारलं नाही. वहिनींनी आळीतल्या लग्नांची, भांडणांची चौकशी केली आणि मग त्यांना झोप लागली. भाऊंनी उशी सरळ केली आणि मला खूण केली. आम्ही बाहेर आलो. जाता जाता मला दिसलं की मधली फळी आता काढूनच टाकली आहे आणि दोन्ही बाकांवर वहिनींच्याच गाद्या आहेत. एका कुशीला दुखलं की पलीकडं न्यावं लागत असे. भाऊंचं अंथरूण ड्रायव्हरच्या सीटवर होतं, म्हणजे एक चादर. तिथं माणसाला पाय पसरता येत नाहीत.

चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगून ते मला सोडायला स्टँडवर आले. वाटेत म्हणाले, "गावात काई सांगजो नको. इलाज चालू हाये म्हन."

"हाव भाऊ."

स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, ते लगेच परत फिरतील. ते बसूनच राहिले. मग विचारू लागले. कापूस कोणाचा वेचून झाला. सलीमच्या पोरीचं जमलं का. बोळातला नळ दुरुस्त केला का. घर घर घेत आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि तिथून पुढच्या आळीत शिरले. चिखलीची बस आली आणि गेली. मी उठायला लागलो की ते आणखी एक नाव काढायचे.

"तुमी लय दिवसांत बोलले नाई वाटते कोनासंग," मी म्हणालो.

"बोलतो ना. तिच्यासंग दिवसभर बोलतो." ते समोरच्या रिकाम्या फलाटाकडं पाहत होते. "पन तिच्याबद्दल बोलाले मानूस नाई. तिले घास गियता येत नाई, हे मी कोनाले सांगू? तिलेच कसं सांगू? चहावाल्याले सांगतलं एकदा. थो म्हने, मास्तर, देव पाहून घीन."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्यात तशी पद्धत नाही. मी धरला.

त्यांनी धरू दिला. मग म्हणाले, "हे पाह्य वसंता. ती हाये तवरोक कोनाले आनू नको. तिले नाई पाह्यजे त नाई. पन झालं की मी तुले पयला फोन करीन. मंग सगळ्यायले आन. आळीतले आन, नांदुऱ्याचे आन, साडूले आन. टेम्पो करून आन. कोनी ऱ्हायलं नाई पाह्यजे. तिले नको व्हते मानसं. मले लागतीन."

मी हो म्हणालो. बुलडाण्याची बस लागली होती आणि कंडक्टर हाका मारत होता. ती मी जाऊ दिली, आणि त्यांना म्हणालो, घास गिळता येत नाही म्हणता, तर नेमकं काय काय देऊन पाहिलं, सांगा मला.